बिल अडवलं म्हणजे काटकसर झाली का?

खानापूरवाला (धागाकर्ता, मार्च 2025)

कर्नाटकातल्या आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत एक नवी खोली बांधायला काढलीय. चिऱ्याच्या भिंती लिंटलपर्यंत आल्या, कोपऱ्यांतल्या सळ्या वर उभ्या राहिल्या आणि काम थांबलं. त्याला पाच महिने झाले. सळ्या गंजू नयेत म्हणून कंत्राटदारानं त्यांना सिमेंटची रिकामी पोती गुंडाळली होती, ती फाटून आता झेंड्यासारखी फडफडताहेत. तिसरी-चौथीची पोरं मारुतीच्या देवळात बसतात. शनिवारी नारळ फुटायला लागले की गणिताचा तास संपला.

मी शाळा सुधारणा समितीत आहे, म्हणून विचारायला गेलो. टेबलावरच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "अनुदान इल्लरी." म्हणजे कन्नडमध्ये, अनुदान नाही हो. मराठीत अनुदान म्हणजे मिळणारी वस्तू. आम्ही सीमाभागातले लोक हा शब्द 'इल्ल' लावूनच शिकलो. मी म्हटलं, काम मंजूर आहे, बजेटात तरतूद आहे, मग? म्हणाले, तरतूद आहे, रिलीज नाही. मार्च सरू दे.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. 7 मार्चला मुख्यमंत्र्यांनी 4 लाख 9 हजार कोटींचं बजेट मांडलं. त्यात वित्तीय तूट (म्हणजे कर्ज काढून भागवायचा खर्च) राज्यातल्या एकूण उत्पादनाच्या 2.95 टक्के आणि एकूण देणी 24.91 टक्के दाखवलीत. राज्याच्या वित्तीय जबाबदारीच्या कायद्यातली मर्यादा आहे 3 आणि 25. एखादं पोरगं दोन्ही विषयांत काठावर पास झालं तर मास्तर पेपर पुन्हा बघतात. इथं कोण बघणार?

मर्यादा पाळायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आलेलं बिल 31 मार्चपर्यंत काढायचं नाही. सरकारचा हिशेब रोखीचा असतो. पैसे तिजोरीतून बाहेर पडले तरच खर्च. भिंत उभी राहिली, कंत्राटदाराचं सिमेंट-चिरे त्यात गेले, पण बिल निघालं नाही तर सरकारच्या वहीत ती भिंत नाहीच, आणि ते देणं कुठल्याच टक्क्यात मोजलं जात नाही. याला म्हणे तात्पुरता उपाय आणि आर्थिक शिस्त.

लेखानुदान (पूर्ण बजेट मंजूर होईपर्यंतचा आगाऊ खर्च) घेतात तेव्हा निदान सभागृहात हात तरी वर होतात. इथं विधानसभेनं मंजूर केलेला खर्च कुणाच्या तरी तोंडी निरोपावर थांबतो. कपात करायची तर करा, पण सांगून करा. कुठल्या गावची कुठली खोली यंदा होणार नाही ते कागदावर येऊ दे.

कडोलीचा बापू

एवढं लांबण कशाला? पैसे कुठं गेले ते शेंबडं पोरही सांगेल. बाईला दोन हजार, बाईला बस फुकट, वीज फुकट. खोली बांधायला राहिलं काय? धागा बंद करा.

शहापूरचा पेन्शनर

खानापूरवाले, तुमच्या शाळेबद्दल वाईट वाटलं, पण तुमच्या मांडणीत दोन घोळ आहेत.

पहिला. 2.95 आणि 24.91 हे आकडे येणाऱ्या 2025-26 सालाचे अंदाज आहेत. तुमचं बिल अडलंय ते सरत्या सालात. त्या आकड्यांसाठी तुमची खोली थांबवली असं म्हणता येत नाही.

दुसरा घोळ जास्त महत्त्वाचा. मी खजिना खात्यात आयुष्य काढलंय. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कचेरीत काय चालतं ते बाहेरच्याला कळणार नाही. 31 तारखेला रात्री बारापर्यंत खिडकी उघडी असायची. गठ्ठे बगलेत मारून माणसं जिन्यावर बसलेली, आमचा चहा त्यांच्याकडून. वर्षभर झोपलेली खाती त्या चार दिवसांत जागी व्हायची, कारण नाही खर्चलं तर रक्कम परत जाते. एका वर्षी तीस तारखेला एका पाइपलाइनचं बिल आलं. मेजरमेंट बुक, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाची वही, उघडलं तर मधली पानं कोरी! पाइप अजून दुकानातच होते. मी परत पाठवलं, तर वरून फोन आला. नाहीच जमलं तर पैसे पीडी खात्यात (कचेरीच्या नावच्या ठेव खात्यात) काढून ठेवायचे, म्हणजे कागदावर खर्च झाला आणि काम गेलं उडत.

अशा वेळी वित्त खात्यानं ब्रेक मारला तर त्यात गैर काय? बजेटातली तरतूद ही खर्चाची वरची रेघ आहे. एवढे पैसे हातात आहेत असा तिचा अर्थ नाही. कर जसा जमेल तसा पैसा सोडायचा, हे घरात आपणही करतो. आणि ही शिस्त आपल्या राज्यानं स्वतःहून लावून घेतलीय. वित्तीय जबाबदारीचा कायदा देशात सगळ्यात आधी कर्नाटकानं केला, 2002 साली. तो नसता तर आज व्याज भरण्यातच अर्धं बजेट गेलं असतं.

सेंट्रिंगवाला

मी जास्त लिहीत न्हाय. पण पेन्शनर काका, कोरं पान दाखवणारा एक असतोय आणि त्याच्या नावानं मार खाणारे आमी पन्नास. माझं एका मोरीचं काम झालंय, त्यावरनं बस जातीया. बिल गेल्या पावसाळ्यापासनं पडून. आता कुणी भेटलं की राम राम न्हाय, "एलओसी आली काय रे?" हेच. एलओसी म्हंजे पैसे सोडल्याचा कागद. येतीया तेव्हा चिमूटभर येतीया आणि ती आधी कुणाला मिळती ते तुमाला म्हायत हाय. बिलांची सीनियॉरिटी नुसती भिंतीवर लावायला.

सिमेंटवाला थांबत न्हाय. गवंडी शनिवारी दारात उभा. बायकोचं गंठण सोसायटीत ठेवलंय. तुमच्या ब्रेकवर माझं व्याज चालू हाय आणि ते व्याज सरकारच्या कुठल्या टक्क्यात येतंय ते सांगा. तुमची पेन्शन मात्र एक तारखेला. कधी म्हणाले काय ओ, यंदा मर्यादा हाय, पेन्शन जूनमध्ये बघू?

सविता निपाणी

बापूंना आधी उत्तर देते, मग मूळ विषयाकडे येते.

यंदाच्या बजेटात सरकारच्या पाचही गॅरंटी योजनांना, तुम्ही मोजलेल्या त्यातल्याच, मिळून 51 हजार 34 कोटी आहेत. 4 लाख 9 हजार कोटींत भागाकार करून बघा, रुपयातले दोन आणे होतात. उरलेल्या चौदा आण्यांचा हिशेब मागायचा नाही आणि दोन आण्यांवरून घरातल्या बाईकडे बोट दाखवायचं, हे बरं जमतं. गेल्या 1 ऑगस्टपासून राज्यातल्या नोकरदारांना सातवा वेतन आयोग लागू झाला, त्याचा बोजा वर्षाला 20 हजार कोटींचा. त्याला कुणी फुकट म्हणालं नाही. म्हणूही नये. पण मग आम्हालाही नको.

आमच्या घरात रेशन कार्डावर प्रमुख सासूबाई, म्हणून गृहलक्ष्मी त्यांच्या खात्यात. त्यांनी सगळं आयुष्य विड्या वळल्या, बोटं आता सरळ होत नाहीत. त्या दोन हजारांत गुडघ्याची औषधं आणि बचत गटाचा हप्ता बसतो. बसायचा, म्हणायला हवं. कारण पैसे लागोपाठ येतच नाहीत. दोन महिने काही नाही, मग एकदम एक हप्ता, मग परत शांतता. बँकेतला मुलगा आता सासूबाईंना बघितला की लांबूनच मान हलवतो. गटाचा हप्ता चुकला तेव्हा शेजारणीनं मायक्रोफायनान्सचं नाव सुचवलं होतं. त्या कंपन्यांच्या वसुलीचा जाच इतका वाढला की गेल्या महिन्यात सरकारला वटहुकूम काढावा लागला. त्या वाटेला गेलो नाही, नशीब.

म्हणजे अडवाअडवी सेंट्रिंगवाल्या दादांचीच होत नाहीये, आमचीही होतेय. आणि तीसुद्धा न सांगता. योजना चालू आहे म्हणायचं, पैसे सोडायचे नाहीत. खानापूरवाल्यांचा मुद्दा मला पटला तो एवढ्यापुरता.

बसचं म्हणाल तर बापू, जानेवारीत तिकीट 15 टक्क्यांनी वाढलं ते तुम्ही भरताय, म्हणून राग आहे ना? कबूल करून टाका.

कडोलीचा बापू

राग आहेच. कडोली ते बेळगाव मी उभा, आणि सीटवर पिशवी ठेवून ताई बसलेल्या. पण दोन आण्यांचा हिशेब मला माहीत नव्हता, ते मान्य.

सीमावासी

सगळे आकडे खेळताय, खरं कुणी बोलत नाही. शाळा मराठी आहे म्हणून खोली थांबलीय. कन्नड शाळा असती तर एव्हाना रंग लागला असता. महाराष्ट्रानं हक्क सांगितलेली 865 गावं आज महाराष्ट्रात असती तर ही वेळ आली नसती. दोन वर्षांमागं महाराष्ट्रानं आपल्या गावांना आरोग्य योजना लागू केली, तर त्यालाही इथल्या सरकारनं आडकाठी केली. ते विसरायचं का?

अथणीकर

दादा, मी अथणीचा. आमच्या बाजूच्या वाडीत कन्नड शाळा आहे, तिच्या संडासाला दार नाही. एक वर्ष झालं, कारण तेच, अनुदान इल्ल. ज्यांची भाषा राजभाषा आहे त्यांनाही हेच ऐकवतात. मराठी शाळांवर अन्याय होतो, शिक्षक भरत नाहीत, कागद मराठीत देत नाहीत, हे सगळं खरं. पण प्रत्येक अडलेल्या बिलाला सीमाप्रश्न लावला की वित्त खातं सुटतं.

चंदगडी

मी सीमेच्या अलीकडचा, म्हणजे महाराष्ट्रातला. बेळगावला बाजाराला येणारा. सीमावासी, आमच्याकडे यायचं तर या, पण डोळे उघडे ठेवून या.

2020 च्या 4 मे रोजी महाराष्ट्र सरकारनं जीआर काढला. विकासकामांना वर्षाच्या तरतुदीतले फक्त 33 टक्के मिळणार, नवी योजना नाही, नोकरभरती नाही. आरोग्य आणि मदत-पुनर्वसनासारखी थोडी खाती अग्रक्रमाची. आमच्या भागातले रस्ते त्या वर्षी जे उखडले ते कितीतरी दिवस तसेच होते. आता 10 मार्चच्या बजेटात लाडक्या बहिणीचं बघा. गेल्या साली 46 हजार कोटी होते, यंदा 36 हजार. आणि निवडणुकीत कबूल केलेले 2100 रुपये? त्यांचं नावही नाही. माझी थोरली बहीण गडहिंग्लजला, धाकटी बेळगावात. धाकटीला दोन हजार, थोरलीला दीड. दिवाळीत दोघी भेटल्या की आधी हाच विषय.

पण एक सांगतो, तो 33 टक्क्यांचा कागद छापील होता, मराठीत होता. कुणीही वाचावा आणि शिव्या घालाव्यात. आमच्या सरपंचानं तो ग्रामसभेत वाचून दाखवला आणि म्हणाला, रस्ता विसरा. वाईट वाटलं, पण कळलं तरी. खानापूरवाल्यांना तेवढंही कुणी सांगितलेलं दिसत नाही.

शहापूरचा पेन्शनर

सेंट्रिंगवाल्यांनी पेन्शन काढली, सविताताईंनी वेतन आयोग काढला. बरोबर आहे, काढणारच. पगार, पेन्शन आणि व्याज यांना हात लावता येत नाही, म्हणून कात्री उरलेल्यावर चालते. यात माझा व्यक्तिशः फायदा आहे, तो नाकारत नाही. करोनात आमचाही महागाई भत्ता दीड वर्ष गोठवला होता, एवढंच नोंदवून ठेवतो.

चंदगडींच्या जीआरवर मात्र शंका आहे. तसा कागद जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी बाजारात उधारी बंद होते, कंत्राटदार टेंडर भरत नाही. सरकारनं पैसे नाहीत म्हणून ओरडत फिरावं का? काही गोष्टी शांतपणे निभावून न्याव्या लागतात. जूनमध्ये कर जमला की बिलं सुटतात. नेहमी सुटलीत.

सेंट्रिंगवाला

उधारी कवाच बंद झालीया काका. तुमाला कुणी सांगितलं न्हाय काय?

कोर्टकचेरी

वकिली करतो, म्हणून घटनेपुरतं. धाग्यात लेखानुदान आणि बिल अडवणं ही दोन निराळी प्रकरणं एकत्र झालीत.

अनुच्छेद 206 प्रमाणे, पूर्ण अर्थसंकल्प मंजूर व्हायला वेळ लागणार असेल तर विधानसभा काही महिन्यांपुरता खर्च आगाऊ मंजूर करू शकते. ते लेखानुदान. घर बदलताना माणूस चार दिवसांचा शिधा बरोबर ठेवतो, तसं. त्यात नव्या योजना आणायच्या नाहीत असा संकेत आहे, कारण येणाऱ्या सरकारचे हात बांधायचे नसतात. निवडणुकीच्या वर्षी आपल्याकडे एका वर्षात दोन बजेटं होतात ती यामुळे. 2018 मध्ये सिद्धरामय्यांनी फेब्रुवारीत मांडलं, 5 जुलैला कुमारस्वामींनी नवं मांडलं. 2023 ला बोम्मईंनी फेब्रुवारीत आणि 7 जुलैला पुन्हा सिद्धरामय्यांनी. यंदा निवडणूक नाही, त्यामुळे तुमच्या खोलीचा लेखानुदानाशी काडीचा संबंध नाही.

राहिलं रिलीज न करणं. पेन्शनर सरांचं हे बरोबर की विनियोजन विधेयक म्हणजे खर्च करायची परवानगी, खर्च केलाच पाहिजे अशी सक्ती नव्हे. पण खर्च वाढवायचा झाला तर अनुच्छेद 205 खाली पुरवणी मागण्या घेऊन सभागृहात यावं लागतं. डिसेंबरात आपल्या बेळगावच्या विधानभवनात, सुवर्णसौधात, त्या मंजूर होताना आपण बघतो, बाहेर आंदोलनं चाललेली असतात आणि आत कोटींचे आकडे आवाजी मतानं पार पडतात. कमी करायला मात्र कुठंच जावं लागत नाही. वाढीला दार आहे, कपातीला दार नाही, नुसतं भगदाड आहे. खानापूरवाल्यांचं म्हणणं इथं नेमकं लागू पडतं.

आणि सर, "शांतपणे निभावून नेणं" मला मान्य नाही. 2020 ला करोनात कर्जाची 3 टक्क्यांची मर्यादा पुरत नव्हती, तेव्हा याच राज्यानं तुम्ही ज्याचा अभिमान सांगताय त्या कायद्यात दुरुस्ती करून ती 5 टक्के केली. उघडपणे, विधिमंडळात. काही आकाश कोसळलं नाही.

शहापूरचा पेन्शनर

दुरुस्ती झाली ती केंद्रानं जादा कर्जाची मुभा दिली म्हणून. केंद्राचं देणं शिल्लक असलेल्या राज्याला केंद्राच्या संमतीशिवाय कर्ज काढता येत नाही, अनुच्छेद 293 वाचा. आणि केंद्राकडून येणारा वाटा घटलाय हे कुणीच लिहिलं नाही. चौदाव्या वित्त आयोगात राज्यांना वाटायच्या केंद्रीय करांत आपला हिस्सा 4.71 टक्के होता, पंधराव्यात 3.64 झाला. जीएसटीची भरपाई 2022 च्या जूनमध्ये बंद झाली. राज्य सरकारनं पैसा आणायचा कुठून?

सविता निपाणी

सर, वाटा घटला हे खरं. पण मग तेच सांगावं की. "दिल्लीनं दिले नाहीत म्हणून सासूबाईंचा हप्ता मेमध्ये येईल" असं एक वाक्य. सासूबाई दिल्लीला चार शिव्या देतील आणि मेपर्यंत थांबतील. आता रोज बँकेत चकरा मारायला लावतात, रिक्षाचे जातात ते निराळेच. निपाणी बसस्टँडपर्यंत बस फुकट असली तरी स्टँडपासून बँक लांब आहे, गुडघे चालत नाहीत.

खानापूरवाला

दोन दिवस नेटवर्क नव्हतं. सगळं वाचलं.

पेन्शनर सरांची पहिली दुरुस्ती मान्य. 2.95 हा पुढच्या सालाचा अंदाज आहे, मी दोन सालं एकत्र केली. पण पुढच्या मार्चला तो अंदाज खरा करून दाखवायचा झाला की पुन्हा हाच खेळ होणार, ही माझी भीती जात नाही. वकीलसाहेबांचं भगदाड आवडलं.

सीमावासींना एकच. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग बायकोच्या माहेरी अथणीकरांसारखंच बघितलं आणि गप्प झालो. आपल्या भाषेचा प्रश्न इथं आहे तो वेगळ्या जागी. मी कचेरीतून एक कागद मागून आणला, तो सगळा कन्नडमध्ये. मुलगी कन्नड माध्यमात आठवीला आहे, तिनं वाचून दाखवला. "बाबा, यात खोलीचं काहीच नाही, हे मागच्या वर्षीच्या मीटिंगचं आहे." मी तो चार दिवस जपून ठेवला होता!

आणखी एक. पूर्वी असं काही अडलं की जिल्हा पंचायतीच्या सदस्याकडे जायचो. माणूस कसा का असेना, साहेबाच्या टेबलावर हात आपटायचा. 2021 ला मुदत संपली, त्यानंतर निवडणूकच नाही. म्हणजे सदस्य नाही, विचारणारा नाही. बिल अडवायला याहून सोयीचा काळ कुठला?

पावसाच्या आत स्लॅब पडला नाही तर भिंतींचं काय होईल ते खानापूरचा पाऊस बघितलेल्यांना सांगायला नको. गावात वर्गणी काढून निदान पत्रे घालायचं चाललंय. पण कंत्राटदार म्हणतो, मंजूर कामावर तुम्ही हात घातला तर माझं बिल कायमचं बुडेल.

सेंट्रिंगवाला

पत्रे घालू नका. तो खरं सांगतोय. मोजमाप बदललं की फाइल परत पयल्या टेबलावर.

कडोलीचा बापू

माझ्याकडे जुनी ताडपत्री आहे, रताळ्यांवर घालायची. भिंतींवर पसरता येईल. पाठवू का?

शहापूरचा पेन्शनर

ताडपत्री पाठवा. खानापूरवाले, वाद राहू दे बाजूला. मला कामाचा नंबर, मंजुरीची तारीख आणि हेड ऑफ अकाउंट (बजेटातलं कुठलं खर्चाचं शीर्षक ते) एवढं कळवा. माहिती अधिकाराचा अर्ज कन्नडमध्ये मी लिहून देतो. आपल्याकडे दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची अट आहे, त्यामुळे "अनुदान का नाही" असं मोघम विचारलं तर परत येतो. बिल कोणत्या तारखेला दाखल झालं आणि त्याच्या नंतर दाखल झालेली कुठली बिलं आधी निघाली, एवढंच विचारायचं. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. माझं मत बदललेलं नाही, ब्रेक लागतोच. पण रांग मोडली असेल तर ते मलाही बघायचंय.